ईडेलच्या वाटा: इंग्लंडमधल्या एका खेड्याभोवती पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

मँचेस्टर किंवा शेफील्डला शिकायला, नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना पहिल्या दोन महिन्यांतच डोंगराची आठवण यायला लागते. इथे राजगड-तोरणा नाही, पण लोकल गाडीत बसून तासाभरात पोहोचता येईल असं एक खेडं आहे. ईडेल. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागात नोई नदीच्या छोट्या खोऱ्यात ते वसलंय. एका बाजूला किंडर स्काउटचं पठार, दुसऱ्या बाजूला मॅम टॉरची लांबलचक धार. गावात एक चर्च, एक शाळा, दोन पब आणि मेंढ्या. इंग्लंडमध्ये चालायला शिकायचं तर यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, म्हणून हा लेख याच गावाबद्दल लिहितोय. इथे शिकलेलं यॉर्कशर, कॉट्सवोल्ड्स, कुठेही उपयोगी पडतं.

आधी ‘वाट’ म्हणजे काय ते समजून घ्या

सह्याद्रीत आपण कातळावरचे बाण बघत, गुराख्याला विचारत चढतो. कुणाच्या शेतातून जायचं तर बांधावरून, जरा बिचकतच. इथे पहिल्यांदा आलेला माणूस म्हणूनच गोंधळतो. समोर कुंपण, पलीकडे कुणाचं तरी कुरण, त्यात मेंढ्या, आणि नकाशा म्हणतो सरळ आत जा.

जा. ती वहिवाट आहे. आपल्याकडे वहिवाटीचा हक्क म्हटलं की तहसील कचेरी आणि भावकीतले वाद आठवतात, पण कल्पना तीच: जमीन एकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे 2,25,000 किलोमीटर नोंदलेल्या वाटा आहेत. 1949 च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला, आणि त्या नकाशावर आलेली वाट शेतमालकाला मनात आलं म्हणून बंद करता येत नाही. शेतातून जाणारी पायवाट त्याने नांगरली, तर ती ठरावीक दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते.

पण हा हक्क वाटेपुरता आहे. शेजारच्या कुरणात चादर अंथरून बसण्याचा नाही. एवढं एक लक्षात ठेवलंत तर बाकीचे बहुतेक नियम आपोआप कळतात.

वाटेवरच्या खांबांवर छोटे गोल बिल्ले असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, फुटपाथ. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडे आणि सायकलीही येणार, तेव्हा मागून आवाज आला की बाजूला व्हा. ओकच्या फळाचं, एकॉर्नचं चित्र दिसलं तर ती राष्ट्रीय पदयात्रा-मार्गाची खूण. ईडेलमध्ये ते दिसतंच, कारण इंग्लंडचा पहिला असा मार्ग, पेनाइन वे, इथूनच सुरू होतो. 1965 मध्ये तो खुला झाला. 268 मैल चालत गेलं की स्कॉटलंडमधलं कर्क येथोम येतं.

वर पठारावर मात्र वेगळा नियम. 2000 सालच्या कायद्याने माळरान आणि डोंगरमाथ्यांचे मोठे पट्टे ‘ॲक्सेस लँड’ म्हणून खुले झाले. तिथे पायी चालणारा वाट सोडूनही फिरू शकतो. हे सहज मिळालेलं नाही. 24 एप्रिल 1932 ला काही शे तरुण कामगार किंडरवर मुद्दाम बंदी मोडून चढले. मुख्य जथा पलीकडच्या हेफील्डहून आला, आणि शेफील्डची एक तुकडी याच ईडेलमधून वर गेली. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांच्यातला बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याला चार महिन्यांची शिक्षा. पुढे 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. किंडरच्या माथ्यावर पाय ठेवताना मला ही माणसं दर वेळी आठवतात.

निघण्याआधी: नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, क्रमांक ओएल 1, ‘डार्क पीक’. 1:25,000 चा म्हणजे नकाशावरचे 4 सेंटिमीटर जमिनीवर 1 किलोमीटर. छापील नकाशासोबत एक कोड येतो, त्यावरून तोच नकाशा मोबाइलमध्येही उतरवता येतो. तो घरी वायफायवर असतानाच उतरवा, कारण ईडेलच्या खोऱ्यात मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

नकाशावर शोधायच्या गोष्टी तीन. हिरव्या तुटक रेषा: आखूड तुकड्यांची पायवाट, लांब तुकड्यांची घोडेवाट. पिवळसर छटेचा भाग: ॲक्सेस लँड. आणि समोच्च रेषा, त्या जिथे दाटीवाटीने आल्या तिथे चढ उभा. काळी तुटक रेषाही दिसेल. तिचा अर्थ जमिनीवर वाट आहे एवढाच, हक्काची असेलच असं नाही. नवखे लोक चुकतात ते हमखास इथे.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या जुन्या नियमाने करा: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास. यात चहा, फोटो, चिखल, रस्ता चुकणं काहीच धरलेलं नाही. नवख्या गटाने आलेल्या उत्तराची दीडपट करावी.

आणि सूर्यास्त बघा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. ‘दुपारी जेवून निघू’ हा बेत हिवाळ्यात करूच नका.

कपडे आणि पिशवी

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकची सवय इथे घात करते. तिकडचा पाऊस उबदार असतो, भिजण्यात मजा असते. इकडे 6-7 अंशांचा वारा आणि बारीक पाऊस एकत्र आले की भिजलेला माणूस अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो, बोलणं अडखळतं, बोटं चालत नाहीत. म्हणून जीन्स नको, सुती टी-शर्टही नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब खेचतं. अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर खरोखरीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि तशीच पँट. प्लॅस्टिकचा पाँचो वाऱ्यात पतंगासारखा उडतो, तो घरीच ठेवा. टोपी आणि हातमोजे मे महिन्यातसुद्धा पिशवीत असू देत.

बुटांवर पैसे खर्च करा. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे. इथला चिखल दोन प्रकारचा असतो. शेताच्या फाटकापाशी गुरांनी तुडवलेला निसरडा राडा, आणि वर पठारावर काळं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर, ज्यात पाय गुडघ्यापर्यंत जाऊ शकतो.

पिशवीत पाणी, होकायंत्र, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, प्रथमोपचाराचं साहित्य, फोनसाठी पॉवर बँक. खायला सँडविचच हवं असं कुणी सांगितलंय? मेथीचे पराठे फॉइलमध्ये गुंडाळून न्या, दाण्याचे लाडू न्या. थंडीत हातमोजे न काढता खाता येईल असं खाणं उत्तम, आणि लाडू त्यात पहिला येतो. थर्मासमधल्या चहाची किंमत वर गेल्यावर कळते.

पोहोचायचं कसं

मँचेस्टर पिकॅडिली ते शेफील्ड या मार्गावरची थांबत जाणारी गाडी ईडेलला थांबते. मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास, शेफील्डहून त्याहूनही कमी. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा फलकावर ईडेल हे नाव दिसतंय ना ते पाहूनच चढा. विद्यार्थ्यांनी 16-25 रेलकार्ड काढलं तर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सवलत मिळते. परतीच्या दोन गाड्यांची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा: एक ठरवलेली, एक त्यानंतरची.

पहिली वाट: अपर बूथपर्यंत आणि परत, सुमारे 6 किलोमीटर

पहिल्या दिवशी हीच करा, मग तुम्ही तिकडे हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेले असलात तरी. इथे शिकायचंय ते चढणं नाही, वाट वाचणं.

स्टेशनवरून गावात जाणाऱ्या रस्त्याने उत्तरेकडे चला. चर्च, शाळा मागे टाकून रस्ता संपतो तिथे ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हा दगडी पब. त्याच्या जवळच डावीकडे पेनाइन वेची पाटी. झाडांखालून, ओहोळाच्या कडेने थोडं गेलं की मोकळी कुरणं लागतात.

इथे पहिलं फाटक येईल. बहुधा किसिंग गेट: इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं कुंपण आणि त्याच्या आत दोन्हीकडे हलणारं एकच दार. दार पुढे ढकला, आत कोपऱ्यात उभे राहा, दार आपल्या अंगावरून मागे घ्या, मग पलीकडे निघा. माणूस बाहेर येतो, मेंढी अडकते. मोठी सॅक असेल तर ती डोक्यावर उचलून धरावी लागते. शिकायला दोन फाटकं पुरतात. दुसरा प्रकार स्टाइल: दगडी भिंतीतच बसवलेल्या पायऱ्या किंवा कुंपणाला ठोकलेल्या दोन फळ्या. कोकणातल्या माणसाला या भिंती बघून गडगाच आठवेल, कारण याही चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते दगड रचून उभ्या केलेल्या आहेत. म्हणूनच भिंतीवर चढून जाऊ नये. वरचा एक दगड निसटला की हळूहळू सगळा पट्टा ढासळतो.

कुरणातून एकामागे एक चला, चौघं शेजारी-शेजारी नको. ते गवत म्हणजे पीक आहे, हिवाळ्याचा चारा. फाटक जसं सापडलं तसं ठेवा. बंद असेल तर बंद करा, बांधून उघडं ठेवलेलं असेल तर तसंच राहू द्या, कारण आतल्या जनावरांना पाण्यापर्यंत जायला तीच वाट असू शकते.

मध्येच थांबून बघा. डावीकडे मॅम टॉरची अख्खी धार उघडी पडलेली असते. मग वाट अपर बूथच्या शेतवाडीत उतरते. या खोऱ्यात अपर बूथ, बार्बर बूथ, ऑलरब्रुक बूथ अशी पाच ‘बूथ’ आहेत. मध्ययुगात गुराखी राहायचे त्या जागा, पुढे त्यांच्या वाड्या झाल्या. आपल्या धनगरवाड्यांची नावं अशीच नकाशावर राहिलीत. अपर बूथवरून बार्बर बूथच्या दिशेने लहान रस्ता येतो, तिथून स्टेशनकडे परत. आरामात अडीच तास.

गुरांबद्दल थोडं थांबून

गावाकडे वाढलेल्या माणसाला गायीची भीती नसते, आणि म्हणूनच हे सांगायला हवं. इथली कुरणातली गुरं बरीचशी मांसासाठी पाळलेली असतात. रोज कुणी दूध काढत नाही, अंगावर हात फिरवत नाही. वासरं बरोबर असतील तर गाय माणसाला सरळ अंगावर घेऊ शकते. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कळप वाटेवरच असेल तर लांबून वळसा घाला, त्याची मुभा असते. पळू नका, ओरडू नका, कळपाकडे नजर ठेवून शांतपणे चालत राहा. सोबत कुत्रा असेल आणि गुरं अंगावर आली, तर त्याचा पट्टा सोडून द्या. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा वेगाने निसटतो.

मेंढ्यांचा प्रश्न उलटा, त्याच आपल्याला घाबरतात. एप्रिलच्या सुमारास कोकरं असतात, तेव्हा लांबूनच बघा. ॲक्सेस लँडवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावरच हवा, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो काळ आहे.

दुसरी वाट: मॅम टॉर आणि धार, ईडेल ते होप, सुमारे 11 किलोमीटर

ही माझी सगळ्यात आवडती. गाडीने ईडेलला उतरायचं, धार चालायची आणि पुढच्या स्टेशनवरून, होपवरून, परतीची गाडी धरायची.

स्टेशनवरून दक्षिणेकडे, नोई ओलांडून, शेतवाड्यांमधून वर मॅम टॉरकडे. उंची 517 मीटर, म्हणजे खोऱ्यातून पावणेतीनशे मीटरच्या आसपास चढ. माथ्यावर फरसबंदी केलेली वाट आहे, पुष्कळ लोक माथ्याच्या जवळपर्यंत गाडीने येऊन फिरतात, त्यामुळे गर्दीला नाराज होऊ नका. खाली बघताना माथ्याभोवतीचे मातीचे उंचवटे ओळखा. तो प्राचीन डोंगरी किल्ल्याचा तट आहे. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बुरूज येतात, इथे फक्त चर आणि मातीचा बांध, पण जागा निवडणाऱ्याची नजर तीच.

पूर्वेची बाजू कोसळलेली दिसेल. वालुकाश्म आणि ठिसूळ शेलचे थर एकाआड एक असल्यामुळे हा डोंगर सतत घसरतो. त्याच्या पायथ्याचा मुख्य रस्ता दुरुस्त करून करून शेवटी 1979 मध्ये कायमचा सोडून दिला. तुटलेलं डांबर अजून तिथे पायऱ्या पडल्यासारखं उभं आहे.

धारेवरून ईशान्येकडे हॉलिन्स क्रॉस. ही खिंड आहे. ईडेलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा गावातली प्रेतं याच खिंडीतून होपला दफनासाठी नेत. पाय थकले, हवा बिघडली, तर इथून डावीकडे ईडेलला किंवा उजवीकडे कॅसलटनला उतरता येतं. नाहीतर पुढे बॅक टॉर, मग 476 मीटरचं लूज हिल, आणि तिथून होपला उतार. होपचं स्टेशन गावापासून किलोमीटरभर लांब आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा. नवख्यांनी पाच तास धरावेत.

तिसरी वाट: किंडरचं पठार, सुमारे 14 किलोमीटर

ही आधीच्या दोन्ही झाल्यावर, आणि स्वच्छ हवेत. अपर बूथपर्यंत पहिलीच वाट, पुढे जुन्या ओझेवाहू घोड्यांच्या दगडी पुलावरून जेकब्ज लॅडर या पायऱ्यांच्या चढाने वर. किंडर लो इथला सर्वेक्षणाचा खांब 633 मीटरवर आहे. पठाराचा सर्वोच्च बिंदू 636 मीटर, पण तो सपाट पीटमध्ये इतका हरवलेला आहे की त्याच्या मागे लागू नका. खांबाकडून मागे येऊन कडेकडेने पूर्वेला: नोई स्टूल, पिम चेअर, वूलपॅक्स, क्राउडन टॉवर. वाऱ्याने कोरलेले हे खडक बसलेल्या उंटांसारखे, उशांच्या ढिगासारखे दिसतात. शेवटी ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून उतरून गावात. घळीच्या वरच्या भागात मोठ्या धोंड्यांवरून हात टेकत उतरावं लागतं. ओल्या दिवशी ग्राइंड्स्लो नॉलवरून उतरणारी वाट बरी.

ऑगस्टमध्ये अख्खा माथा हेदर या झुडपाच्या फुलांनी जांभळा होतो. कास पठार बघितलेल्यांना तो रंग आपला वाटेल. हिवाळ्यात पांढरा झालेला डोंगरी ससा दिसला तर जिथे आहात तिथे थांबा. इंग्लंडमध्ये तो या भागातच उरलाय.

माझ्या पहिल्या नोव्हेंबरात आम्ही तिघं जेकब्ज लॅडरच्या डोक्यावर पोहोचलो आणि दहा मिनिटांत धुकं उतरलं. पुढचा माणूस दिसेना. पठारावर पीटमध्ये माणसाच्या उंचीच्या घळ्या आहेत, त्यात शिरलं की दिशाच राहत नाही. एकीचं म्हणणं पडलं, थोडं पुढे जाऊन बघू. मी नको म्हटलं आणि आम्ही त्याच पायऱ्यांनी परतलो. खाली येईपर्यंत पाऊस लागला होता आणि सगळ्यांचे हात बधिर झाले होते. चार आठवड्यांनी उन्हात पुन्हा गेलो, तेव्हा दिसलं की आम्ही थांबलो त्या जागेपासून पुढे वाट तीन ठिकाणी फुटते. निघताना हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा, पीक डिस्ट्रिक्टसाठीचा खास डोंगरी अंदाज वाचा. गावातलं हवामान आणि माथ्यावरचं हवामान वेगळं असतं. ढगांचा तळ किती उंचीवर आहे हेही त्यात लिहिलेलं असतं.

अडचण आली तर

999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ म्हणा. नुसती ॲम्ब्युलन्स मागितलीत तर ती रस्त्यापर्यंतच येणार. नकाशावरचा सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून आपली जागा सांगणारा क्रमांक, तयार ठेवा. येणारे लोक स्वयंसेवक असतात, रात्री जेवणावरून उठून येतात, आणि पैसे घेत नाहीत. रेंज अगदी कमी असेल तर कॉलपेक्षा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त, पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो: ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून 999 ला पाठवा आणि येणाऱ्या उत्तरातल्या सूचना पाळा. हे आजच करून टाका. फोन बंदच पडला तर शिट्टीचे मिनिटात सहा सूर, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा.

आग कुठेही पेटवू नका, बार्बेक्यू तर नाहीच. कोरडं पीट जमिनीखालून दिवसेंदिवस जळत राहतं.

परत आल्यावर

वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘मॉर्निंग’ म्हणेल, तुम्हीही म्हणा. गडावर अनोळखी माणसाला जय शिवराय घालतो, तितकंच ते सहज आहे. पबमध्ये शिरताना दारातली पाटी वाचा, चिखलाचे बूट चालतात की बाहेर काढायचे ते तिथे लिहिलेलं असतं.

घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड बघा. ब्रॅकन या उंच नेच्यातून गेला असाल तर नक्कीच. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा, लाइम रोगाची ती खूण असते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, हीटरवर ठेवू नका, चामडं तडकतं.

आणि एक काम. वाटेत स्टाइलची फळी मोडलेली, पाटी पडलेली, वाट काटेरी तारेने अडवलेली दिसली असेल, तर एक फोटो आणि ग्रिड संदर्भ डर्बीशर कौंटी कौन्सिलकडे पाठवा. त्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज असतो. भरायला पाच मिनिटं लागतात, परतीच्या गाडीत रेंज आली की लगेच होऊन जातं.